मुलगी लडाखच्या वाटेवर, वडील नाशिकला : एका प्रवासाचे प्रकरण

पुढील टिपण एका कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. आई, वडील आणि मुलगी या तिघांशी मी वेगवेगळे बोललो. त्यांच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे तो तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब नाशिकचे. वडील एसटीत चालक होते आणि वयाच्या ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी नाशिक-धुळे मार्गावर आणि सुरगाणा, पेठ भागातल्या मुक्कामी गाड्यांवर काढली. आई घर सांभाळून शिवणकाम करते. थोरली मुलगी २८ वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीच्या कामात. धाकटा मुलगा शिकतो आहे. मुलीकडे स्वतःच्या पगारातून घेतलेली ३५० सीसीची मोटारसायकल आहे आणि गेली काही वर्षे ती त्याच गाडीवरून पुणे-नाशिक ये-जा करते. संगमनेर, सिन्नरचा तो रस्ता धोक्याचा नाही असे कोणी म्हणणार नाही, तरी त्या ये-जा करण्याबद्दल घरात कधी चर्चा झाली नव्हती. सवयीच्या रस्त्याची भीती माणसाला वाटत नाही, हे या प्रकरणात पुढेही जाणवत राहते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुट्टीसाठी घरी आल्यावर मुलीने सांगितले की जूनअखेरीस ती नाशिकहून लेहला मोटारसायकलने, एकटी जाणार आहे. कार्यालयातून तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली होती आणि पैसेही बाजूला काढून ठेवलेले होते. ती परवानगी मागत नव्हती, घरच्यांना कळवत होती. वडील त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री चालवणार का?" मुलगी म्हणाली, "नाही पप्पा." त्यावर ते पुन्हा गप्प झाले.

प्रश्न नेमका कोणता होता

नातेवाइकांच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता : मुलीच्या जातीला एकटीने इतक्या लांब कसे पाठवायचे? आईवडिलांचा प्रश्न हा नव्हता, किंवा एवढाच नव्हता. मुलगा असता तर राहण्याच्या जागेवरून इतके प्रश्न विचारले नसते, हे वडील मान्य करतात. परंतु रस्त्याविषयीची काळजी तितकीच राहिली असती, असेही ते ठामपणे सांगतात, आणि त्यात मला तथ्य वाटते. ज्याने आयुष्य स्टिअरिंगमागे घालवले त्याची भीती अज्ञानातून येत नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान चालकाच्या डोळ्यांवर कशी झापड येते, मागचे दिवे नसलेला ट्रक महामार्गाच्या कडेला कसा उभा असतो, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर अंधारात किती उशिरा दिसतो, हे त्यांनी पाहिलेले होते. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हे आकडे वडिलांनी नंतर वाचले, पण त्यांचा अंदाज त्याहून वेगळा नव्हता.

आईची काळजी वेगळ्या ठिकाणी होती. रस्त्याचे तिला फारसे काही वाटत नव्हते. विरळ हवा, आजारपण, आणि महामार्गावर बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे मिळणार, हे तिचे प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाकडे वडिलांचे लक्षच गेले नव्हते. मुलीने मात्र त्याचा विचार आधीच केलेला होता आणि दिवसाचे थांबे मोठे पेट्रोल पंप व गर्दीचे ढाबे पाहून ठरवले होते.

तरीही मूळ अडचण या दोन्ही काळज्यांच्या खाली होती. घरातून जाणारे माणूस आतापर्यंत नेहमी वडील असत आणि वाट पाहणारी आई. मुक्कामी गाडी घेऊन सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर गेलेल्या नवऱ्याची खबर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळत नसे, आणि त्या काळात घरी फोनही नव्हता. वाट पाहण्याचा अनुभव आईकडे होता. वडिलांना तो नव्हता, आणि वयाच्या साठीनंतर तो एकाएकी घ्यावा लागणार होता. आईच्या शब्दांत सांगायचे तर, "यांना गाडी चालवता येते, थांबता येत नाही."

विचारात घेतलेले पर्याय

सरळ नकार देण्याचा विचार वडिलांनी केला होता आणि तो त्यांनी लपवलेला नाही. परंतु नकाराला काही जोर नव्हता. मुलगी कमावती, गाडी तिची, रजा तिची. नकार दिला असता तर ती एक तर नाराज होऊन थांबली असती, किंवा न सांगता गेली असती. दुसरी शक्यता वडिलांना अधिक वाईट वाटली, कारण मग ती कुठे आहे हेही घरी कळले नसते. तरुण मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्या हाती उरलेली एकच खरी गोष्ट म्हणजे मिळणारी माहिती, आणि नकाराने पहिल्यांदा तीच बंद होते. हा हिशेब त्यांनी कोणाच्या सल्ल्याशिवाय, स्वतःच मांडला.

मग चुलतभावाला सोबत पाठवण्याची सूचना आली. ती काकांकडून आली होती. चुलतभावाने कधी शंभर किलोमीटरच्या वर दुचाकी चालवली नव्हती. मुलगी म्हणाली की त्याला सोबत घेतले तर काळजी घेण्याची जबाबदारी तिच्यावर येईल. वडिलांनी हे लगेच मान्य केले. गाडी न चालवता येणारा सोबती म्हणजे ओझे, हे त्यांच्या व्यवसायातले साधे शहाणपण होते. मागे सामानाची गाडी असणाऱ्या व्यावसायिक गटाबरोबर जाण्याचा पर्यायही चर्चेला आला, पण त्यांच्या तारखा रजेशी जुळत नव्हत्या आणि मुलीला दुसऱ्याच्या वेगाने चालवायचे नव्हते.

सर्वांत गंभीर चर्चा झाली ती झेलम एक्सप्रेसच्या पर्यायावर. पुणे ते जम्मू तवी जाणारी ही गाडी मनमाडवरून जाते. मोटारसायकल पार्सलने जम्मूला पाठवावी, मुलीने रेल्वेने जावे आणि फक्त डोंगराचा भाग चालवावा, असा वडिलांचा प्रस्ताव होता. त्यामागचा विचार बाहेरच्या माणसाला उलटा वाटेल : लोक घाटांना घाबरतात, वडील सपाटीला घाबरत होते. घाटात चालक जागा असतो आणि वेग कमी असतो. सेंधव्यापासून अंबाल्यापर्यंतच्या सरळ रस्त्यावर उन्हात आठ तास बसले की लक्ष उडते, असे त्यांचे म्हणणे. मुलीने प्रस्ताव नाकारला. घराच्या दारातून निघून लेहला पोचायचे, हाच तिच्या दृष्टीने प्रवास होता. पण प्रस्ताव तिच्या डोक्यात राहिला, आणि त्याचा उपयोग पुढे झाला.

राहिला तो पर्याय म्हणजे तिने एकटीने जाणे आणि घरच्यांनी काही गोष्टी तिच्याशी आधी ठरवून घेणे.

मार्गाचा निर्णय

लेहला जाण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. मुलीचा पहिला विचार मनालीमार्गे जाऊन श्रीनगरमार्गे परत येण्याचा होता. नाशिकमधल्या एका डॉक्टरांच्या सल्ल्याने तो उलटा करण्यात आला. मनाली साधारण २,०५० मीटर उंचीवर आहे आणि त्या रस्त्याने जाणारे बरेच जण पुढचा मुक्काम सरचूला, म्हणजे ४,२०० मीटरच्या वर करतात. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, कारगिल सुमारे २,७००, आणि लेह ३,५००. या बाजूने शरीराला चढाची सवय टप्प्याटप्प्याने होते. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम डॉक्टरांनी समजावून सांगितला. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले तर थांबायचे नाही, खाली उतरायचे, हे त्यांनी आईलाही बजावले. वाचकाने लक्षात घ्यावे की हा बदल आईच्या प्रश्नामुळे झाला. वडील आणि मुलगी दोघेही तोवर रस्त्याविषयीच बोलत होते, शरीराविषयी नाही.

श्रीनगरची बाजू घेतल्याने तारखेचाही विचार करावा लागला. त्या वर्षी अमरनाथ यात्रा १ जुलैला सुरू होणार होती आणि यात्रेच्या काळात जम्मू-श्रीनगर महामार्गावर व बालटालच्या भागात वाहतुकीवर निर्बंध असतात. त्यामुळे ३० जूनपर्यंत सोनमर्ग ओलांडायचे, असे ठरले.

ठरलेली व्यवस्था

यातला पहिला वाद थेट स्थान दाखवण्याच्या सोयीवरून झाला. वडिलांना मुलीचे स्थान दिवसभर मोबाइलवर दिसायला हवे होते. एप्रिलमध्ये मुलगी पुण्याहून नाशिकला येत असताना त्यांनी प्रयोग करून पाहिला. संगमनेरच्या पुढे नकाशावरचा ठिपका हलेना. वडिलांनी फोन केला, उचलला गेला नाही, पुन्हा केला, पुन्हा केला. मुलगी चहाला थांबली होती आणि फोन गाडीच्या पिशवीत होता. ती परत गाडीवर बसली, हेल्मेटच्या ब्लूटूथमध्ये सतत वाजणाऱ्या फोनमुळे गोंधळली, आणि सिन्नरच्या अलीकडे पुढच्या टेम्पोच्या फार जवळ गेली. घरी आल्यावर तिने हे लपवले नाही. वडिलांना ते ऐकून धक्का बसला. चालत्या गाडीवरच्या चालकाला फोन करू नये हे ते आयुष्यभर इतरांना सांगत आले होते.

या प्रसंगानंतर व्यवस्था बदलली. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर गाडी आली-गेल्याची वेळ वहीत लिहितो, गाडी चालवत नाही. आपले काम तेवढेच, असे वडिलांनी स्वतःच म्हटले आणि एक लांब वही आणली. मुलगी दिवसातून तीन संदेश पाठवेल : निघाले, दुपारचा थांबा, पोचले. वडील त्यांची वेळ वहीत लिहितील आणि मधल्या वेळेत स्वतःहून फोन करणार नाहीत. सूर्योदयाला निघायचे आणि सूर्यास्ताच्या आत मुक्कामाला पोचायचे. यात सवलत नाही. एका दिवसात पाचशे किलोमीटरच्या आसपास, त्याहून फार जास्त नाही. नेटवर्क नसलेल्या भागात जाण्यापूर्वी तसे कळवायचे. ३६ तास काही कळले नाही तर वडील आधी त्या दिवशीच्या मुक्कामाच्या जागी आणि नंतर पोलिसांत चौकशी करतील.

तयारीतल्या काही बाबी साध्या, पण महत्त्वाच्या होत्या. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर व लडाखमध्ये चालत नाही, म्हणून मुलीने मे महिन्यातच पोस्टपेड जोडणी घेतली. हे माहीत नसते तर जम्मूच्या अलीकडेच संपर्क तुटून घरच्यांनी भलतेच समजून घेतले असते. वडिलांनी गाडी दोन दिवस अंगणात घेतली : चेनचा ढिलेपणा बोटाने दाबून पाहिला, ब्रेक पॅड बदलले, क्लचची एक जादा केबल जुन्या केबलला चिकटपट्टीने बांधून ठेवली, म्हणजे वाटेत तुटली तर नवी ओवायला वेळ जाऊ नये. रक्तगट आणि घरचे तीन क्रमांक लिहिलेले कार्ड लॅमिनेट करून एक जॅकेटच्या आतल्या खिशात आणि एक सीटखाली ठेवले. ही कामे करताना ते पुष्कळ बोलके होते, असे मुलगी सांगते. त्यांच्या काळजीला हाताने करण्यासारखे काही मिळाले होते.

प्रवास

मुलगी २४ जूनला पहाटे निघाली. राहुड घाट, मालेगाव, धुळे, सेंधवा हा पहिल्या दिवसाचा रस्ता वडिलांच्या पायाखालचा असल्याने त्या दिवशी वहीतल्या नोंदींशेजारी त्यांचे अंदाजही आहेत : कुठे गर्दी लागेल, कुठे चहा मिळेल. इंदूरनंतर अंदाज थांबतात, फक्त वेळा राहतात. २५ जूनला मान्सून मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, १९६१ नंतर प्रथमच. ग्वाल्हेरला जाताना मुलीला शिवपुरीच्या पुढे भर पावसात दोन तास थांबावे लागले. त्या दिवशी ती सूर्यास्तानंतर पाऊण तासाने पोचली. वडिलांनी वहीत वेळ लिहिली आणि काही विचारले नाही. हा त्यांचा सर्वांत कठीण दिवस होता असे ते म्हणतात, पुढे सांगितलेल्या ९ जुलैपेक्षाही. त्या दिवशी सगळे काही त्यांच्या ओळखीचे होते. भिजलेला रस्ता, ट्रकांचे पाणी, संध्याकाळचा उजेड डोळ्यांसमोर येत होता.

१ जुलैला मुलगी कारगिलमध्ये होती. त्याच तारखेला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मरण पावले. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांचे दिवसभर फोन येत राहिले. बोलणे अपघाताविषयी सुरू होई आणि "तुमची पोरगी कुठे आहे?" इथे येऊन थांबे. आपली मुलगी त्या रस्त्यापासून दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे हे त्यांना कळत होते, तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी जेवण घेतले नाही. आईने त्या दिवशी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि समजूतही काढली नाही.

२ जुलैला मुलगी लेहला पोचली. रात्री डोके दुखू लागले, जेवण गेले नाही. तिने हे फक्त आईला सांगितले आणि "पप्पांना सांगू नकोस" असे बजावले. आईने डॉक्टरांनी सांगितलेले प्रश्न एकेक करून विचारले, उलटी नाही, चालताना तोल जात नाही याची खात्री केली, दुसरा संपूर्ण दिवस खोलीत पडून राहायला सांगितले आणि वडिलांना काही कळवले नाही. तिसऱ्या दिवशी त्रास थांबला.

९ जुलै

६ जुलैला मुलगी खारदुंग-ला खिंडीतून नुब्रा खोऱ्यात उतरली. लेहमधल्या घरगुती निवासात तिने अर्धे सामान ठेवले होते. ८ जुलैला सकाळी नुब्रातल्या हुंदर गावाहून संदेश आला : पाऊस थांबत नाही, आज इथेच राहते, नेटवर्क जेमतेम आहे. त्यानंतर संपर्क तुटला.

९ जुलै रविवार होता. हिमाचलात अतिवृष्टी झाली होती आणि सर्व वाहिन्यांवर बियास नदीने मनालीच्या परिसरात वाहून नेलेल्या गाड्या, मंडीच्या पंचवक्त्र मंदिराला पडलेला पाण्याचा वेढा ही दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली जात होती. मनाली-चंदीगड महामार्ग तुटला होता आणि कुल्लू-मनाली भागातले फोन बंद पडले होते. मुलीने निघताना दिलेल्या आराखड्यात १० जुलैला लेहहून मनालीकडे निघायचे असे लिहिलेले होते, आणि तो कागद भिंतीवर चिकटवलेला होता. मुलगी नुब्रात आहे हे वडिलांना कालच्या संदेशावरून माहीत होते. तरीही ती एक दिवस आधीच निघाली असेल, सरचूत अडकली असेल, असे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. दिवाणखान्यात टीव्ही, भिंतीवर कागद, आणि मोबाइलवर नातेवाईक. दुपारी त्यांनी चंदीगडला जाण्याची बॅग भरायला घेतली.

या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला आणि तो आईने घेतला. तिने टीव्ही बंद केला आणि विचारले की चंदीगडला जाऊन काय करणार, तिथून पुढचा रस्ताच नाही. मग वही उघडून शेवटची नोंद मोठ्याने वाचायला सांगितली. ३६ तास व्हायचे होते. वडिलांना ११२ वर फोन करायचा होता. धाकट्या मुलाने सांगितले की नाशिकहून तो लावला तर महाराष्ट्राच्याच नियंत्रण कक्षात लागेल. लेहच्या पोलिसांचा थेट क्रमांक कोणी लिहून ठेवला नव्हता. घरगुती निवासाचा क्रमांक मात्र होता. आई म्हणाली, "छत्तीस तासांची वाट नका बघू, पण पोलिसांआधी त्या बाईंना विचारा."

फोन संध्याकाळी लागला. तिथल्या मालकीणबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले की लेहमध्येही कालपासून पाऊस आहे, नुब्राकडून कोणीच आलेले नाही, मुलीचे सामान इथेच आहे, आणि सामान न घेता ती मनालीला जाणार नाही. शेवटचे वाक्य ऐकल्यावर वडील खाली बसले. त्यांनी बॅगेतले कपडे परत काढले. १० जुलैला सकाळी मुलीचा फोन आला. हुंदरला ती आणि आणखी काही पर्यटक पावसामुळे थांबले होते, बाकी काही झाले नव्हते.

परतीचा निर्णय

मनालीचा रस्ता आठवडाभरात सुरू होण्याची लक्षणे नव्हती. हिमाचलातल्या चंद्रताल तलावापाशी अडकलेल्या अडीचशेहून अधिक पर्यटकांना बाहेर काढण्याचे काम चालू होते. दुसऱ्या बाजूला रामबन जिल्ह्यात रस्ता खचल्याने जम्मू-श्रीनगर महामार्गही त्या दिवसांत बंद राहिला. मुलगी लेहमध्ये अडकली होती, पण सुरक्षित होती, आणि घरातली चर्चा आता शांतपणे होऊ शकत होती. गाडी लेहमध्येच ठेवून विमानाने यावे, असे वडिलांना वाटत होते. ते त्यांनी एकदा सांगितले आणि पुन्हा आग्रह केला नाही. मनालीचा रस्ता सुरू होईपर्यंत थांबायला मुलीची रजा पुरणार नव्हती.

तिने श्रीनगरमार्गे परत जम्मूला येण्याचे ठरवले. जम्मूच्या पुढे मात्र पंजाब, अंबाला या भागात पाणी भरले होते आणि १३ जुलैला दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर पोचली. तेव्हा मुलीने वडिलांना फोन करून विचारले की झेलमने गाडी पाठवायला काय लागते. फेब्रुवारीत नाकारलेला पर्याय तिने स्वतः काढला. वडिलांनी आपण हे आधीच सांगितल्याचा उल्लेख केला नाही. आरसीची प्रत, ओळखपत्र, टाकी पूर्ण रिकामी करणे, आरसे काढून ठेवणे, गोणपाटाचे पॅकिंग स्टेशनबाहेर कुठे होते ते विचारणे, एवढेच सांगितले. पुरामुळे गाड्यांचे वेळापत्रक विस्कळीत असल्याने तिला जम्मूत काही दिवस थांबावे लागले. ती मनमाडला उतरली. मोटारसायकल पुढे पुण्याच्या पार्सल कार्यालयातून सोडवून घेतली.

निष्पत्ती

मुलगी सुखरूप परतली, रजा चार दिवसांनी वाढली, आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापला गेला. पार्सलमध्ये गाडीचा एक इंडिकेटर तुटला. आराखड्यातला अर्धा मार्ग राहून गेला, याचे मुलीला वाईट वाटते, पण फार नाही. वडिलांच्या वागण्यात झालेला बदल मोजता येण्यासारखा नाही. आता मुलगी पुण्याहून येताना ते मध्ये फोन करत नाहीत, एवढे मात्र तिन्ही जण सांगतात.

वेगळे काय करता आले असते

तीन संदेशांची व्यवस्था उपयोगी ठरली, कारण ती मुलीला पेलणारी होती. दर तासाला कळवायचे ठरले असते तर दुसऱ्याच दिवशी मोडले असते. परंतु भिंतीवरचा कागद बदलत्या आराखड्याबरोबर बदलला गेला नाही, आणि ९ जुलैची निम्मी घबराट त्या जुन्या कागदाने निर्माण केली. आराखडा बदलला की घरचा कागदही त्याच फोनवर दुरुस्त करायचा, हे आधी ठरायला हवे होते. हुंदरच्या निवासाचा क्रमांक घरी दिलेला नव्हता. लेह आणि कारगिलच्या जिल्हा पोलिसांचे थेट क्रमांक आधी लिहून ठेवता आले असते. लडाखच्या दुर्गम भागासाठी दुसऱ्या कंपनीचे एक जादा पोस्टपेड सिम घेतले असते तर कदाचित ८ जुलैची रात्र सोपी गेली असती.

टीव्हीविषयी माझे मत स्पष्ट आहे. मनाली आणि नुब्रा यांच्यातले अंतर पडद्यावर दिसत नाही. ज्या घरातले माणूस त्या दिशेला गेले आहे त्या घराने अशा दिवशी बातम्या वाचाव्यात, पाहू नयेत.

एका मुद्द्यावर मात्र कुटुंबात एकमत नाही. लेहमधली डोकेदुखी वडिलांना दिवाळीत, बोलता बोलता कळली. ती तेव्हाच सांगायला हवी होती असे ते म्हणतात : वही खरी असेल तर तिच्यात सगळेच असले पाहिजे. मुलीचे म्हणणे असे की त्यांना कळले असते तर त्यांनी तिला त्या रात्री झोपू दिले नसते. आईला विचारले तर ती म्हणते की दोघांचेही बरोबर आहे, आणि पुन्हा तसेच झाले तर पुन्हा तसेच करेन. माझा कल आईकडे आहे, कारण धोक्याची लक्षणे कोणती ते तिला नेमके माहीत होते आणि ती दिसली असती तर तिने वडिलांना उठवले असते. ही माहिती नसलेल्या घरात मात्र अशी लपवालपवी महागात पडू शकते.

मुलगी आता स्पीतीला जायचे म्हणते आहे. वडिलांची अट अशी की मुक्काम बदलला की नव्या मुक्कामाचा क्रमांक आधी यावा. मुलीची अट अशी की तब्येतीचे काय कुणाला सांगायचे ते ती ठरवेल. वडिलांनी या अटीला अजून होकार दिलेला नाही.